साइट उघडत नाही? कॉम्प्युटर ‘फॉरमॅट’ करायच्या आधी एवढं तपासा

भोपाळ : घरच्या कॉम्प्युटरवर एखादी साइट उघडेनाशी झाली की बहुतेक घरांत तीन मतं तयार होतात. वडील म्हणतात नेट गेलंय, मुलगा म्हणतो कॉम्प्युटर जुना झालाय आणि दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल. तिघांपैकी कुणीही स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय ते वाचलेलं नसतं. मग फॉर्मची शेवटची तारीख निघून जाते, घरच्यांचे जुने फोटो फॉरमॅटमध्ये उडतात, नाही तर गुगलवर सापडलेल्या कुठल्यातरी ‘हेल्पलाइन’ला फोन लावला जातो आणि खात्यातले पैसे जातात.

प्रत्यक्षात ब्राउझरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ चारपैकी एका ठिकाणी असतं : ती साइट, आपलं नेट, ब्राउझर किंवा कॉम्प्युटर. यातलं नेमकं कोणतं, हे ओळखायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. आणि हे ओळखल्याशिवाय काही पुसायला, काढायला किंवा कुणाला फोन करायला जाऊ नये.

दोन राज्यांची कागदपत्रं, एकच कॉम्प्युटर

भोपाळच्या मराठी घरांना ही अडचण जरा जास्तच भोवते, त्याला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीपाठोपाठ भोपाळला आली. काही ग्वाल्हेर-इंदूरकडून आली, काही भेलच्या कारखान्यामुळे. नोकरी इथे झाली, पेन्शन इथली; पण वडिलोपार्जित शेत अमरावती नाही तर वर्धा जिल्ह्यात राहिलं.

त्यामुळे आज त्याच घरातल्या कॉम्प्युटरवर एका खिडकीत मध्य प्रदेशाचं समग्र पोर्टल उघडलेलं असतं आणि दुसरीत महाराष्ट्राचं महाभूलेख. समग्रचा आठ आकडी कुटुंब क्रमांक आणि नऊ आकडी सदस्य क्रमांक इथल्या बहुतेक सरकारी कामांना लागतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो, त्यासाठी आता तलाठ्याकडे जायला रेल्वेचं तिकीट काढावं लागत नाही. नोव्हेंबर आला की पेन्शनरांचं जीवन प्रमाण. ही सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे. बुऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा किंवा बेळगाव, निपाणी, बिदर इथल्या मराठी घरांचीही गत हीच. साइट उघडली नाही तर दुसऱ्या राज्यातल्या कचेरीत जाऊन विचारणं सोपं नसतं. म्हणून आपल्याच घरात दोष शोधता येणं गरजेचं आहे.

आधी वाचा, मग हात लावा

मुलगा पुण्यात आणि आई-बाबा भोपाळमध्ये असले की फोनवरचं संभाषण साधारण असं चालतं.

“अरे, ते उघडतच नाहीये.”

“बाबा, स्क्रीनवर काय लिहून येतंय ते वाचून दाखवा ना.”

“काही नाही रे, इंग्रजीत काहीतरी येतं. मी बंद केलं ते.”

खरं उत्तर त्या ‘इंग्रजीत काहीतरी’मध्येच असतं. तो संदेश बंद करायच्या आधी मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. नेहमी दिसणाऱ्या संदेशांचा अर्थ असा :

डायनासोर आणि ‘नो इंटरनेट’ : नेट कॉम्प्युटरपर्यंत पोचलेलंच नाही. राउटर, वायर किंवा वायफाय बघावं. साइटचा यात काही दोष नाही.

‘धिस साइट कॅन्ट बी रीच्ड’ आणि खाली डीएनएस असा शब्द : साइटच्या नावावरून तिचा पत्ता सापडला नाही. पहिली शक्यता, नाव टाइप करताना चूक झाली. दुसरी, नेट कंपनीकडची पत्ता शोधून देणारी व्यवस्था अडली.

‘टूक टू लाँग टू रिस्पाँड’ किंवा ‘टाइम्ड आउट’ : पत्ता सापडला, पण पलीकडून उत्तर आलं नाही. साइटवर गर्दी आहे किंवा मधली वाट अडली आहे.

४०४ : साइट चालू आहे, पण ते पान तिथे नाही. जुनी लिंक असावी. साइटच्या पहिल्या पानावरून पुन्हा शोधावं.

४०३ : साइटने प्रवेश नाकारला. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघावं. आपल्याकडच्या काही सरकारी साइट परदेशातून उघडत नाहीत. त्यामुळे अमेरिकेतल्या लेकीला जे दिसत नाही, ते भोपाळमध्ये आईला दिसू शकतं.

५००, ५०२, ५०३, ५०४ : पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे दोष पलीकडच्या सर्व्हरचा. इथे घरी काहीही केलं तरी उपयोग नाही. तासाभराने, शक्यतो रात्री उशिरा किंवा पहाटे पुन्हा बघावं.

शेवटची ओळ नीट लक्षात ठेवली तरी कितीतरी फॉरमॅट वाचतील. सर्व्हर त्यांचा बसलेला असतो आणि आपण आपल्या कॉम्प्युटरचं पोट फाडतो.

दोन चाचण्या : मोबाइल आणि इनकॉग्निटो

संदेशावरून उलगडा झाला नाही तर दोन सोप्या चाचण्या आहेत.

पहिली : मोबाइलचं वायफाय बंद करावं, सिमचा डेटा चालू करावा आणि तीच साइट मोबाइलवर उघडावी. तिथेही उघडली नाही तर दोष बहुधा साइटचा. थांबावं. मोबाइलवर उघडली तर दोष घरच्या नेटचा किंवा कॉम्प्युटरचा. आता मोबाइल घरच्या वायफायवर घ्यावा. वायफायवर अडली, तर राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबावं आणि पुन्हा चालू करावा. वायफायवरही उघडली, तर उरला कॉम्प्युटर.

दुसरी : कॉम्प्युटरवर क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकत्र दाबावीत. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. काळ्या रंगाची खासगी खिडकी उघडते, तिला क्रोममध्ये इनकॉग्निटो म्हणतात. ही खिडकी जुन्या कुकीज वापरत नाही आणि क्रोममध्ये बाहेरून बसवलेली एक्स्टेंशन्स इथे सहसा बंद असतात. साइट इथे नीट उघडली, म्हणजे कॉम्प्युटर चांगला आहे, नेट चांगलं आहे. ब्राउझरमध्ये साठलेला जुना मालमसाला किंवा एखादं एक्स्टेंशन आडवं येतंय. साइट इथेही तशीच अडली, तर दुसरा ब्राउझर वापरून बघावा.

एवढ्यावर निम्म्याहून जास्त कोडं सुटतं. पुढचं काम उरलेल्या ठिकाणी नेमकं बोट ठेवण्याचं.

‘कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ : आधी घड्याळ बघा

जुन्या डेस्कटॉपवरची ही सगळ्यात फसवी तक्रार. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की एकही साइट धड उघडत नाही. बँक असो, जीमेल असो, सरकारी पोर्टल असो, सगळीकडे लाल इशारा : ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. माणूस घाबरतो, व्हायरस आला म्हणतो. अशा वेळी नजर आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातल्या तारखेवर जायला हवी. तिथे दहा-बारा वर्षांपूर्वीचा १ जानेवारी दिसला, तर रोग सापडला.

कारण असं. प्रत्येक सुरक्षित साइटकडे ओळखीचं एक डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्याला सुरुवातीची व शेवटची तारीख असते. ब्राउझर ते प्रमाणपत्र आपल्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१५ दाखवत असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ वाटतं. क्रोम कधीकधी ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’ असं सरळ सांगतो, पण तोवर कुणी वाचत नाही.

घड्याळ मागे जातं ते मदरबोर्डवरच्या सेलमुळे. हा सीआर २०३२ नावाचा, एक रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा चपटा सेल. वीज गेल्यावरही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो. मग मेन स्विच बंद झाला किंवा लाइट गेली की कॉम्प्युटर तारीख विसरतो. उन्हाळ्यात जिथे लाइट दिवसातून दोनदा जाते, तिथे तो दोनदा विसरतो.

तात्पुरता उपाय : विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग डेट अँड टाइम. तिथे ‘सिंक नाऊ’ दाबावं. नाही जुळलं तर तारीख हाताने भरावी. टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असा, म्हणजे साडेपाच तास पुढचा असल्याची खात्री करावी. कायमचा उपाय : सेल बदलणं. घड्याळजीकडेही मिळणारा हा स्वस्त सेल आहे. डेस्कटॉपचा प्लग पूर्ण काढून तो बदलता येतो. लॅपटॉपचा मात्र कारागिराकडूनच बदलून घ्यावा.

घड्याळ बरोबर असूनही इशारा येत असेल, आणि तोही एकाच साइटवर, तर मात्र प्रकरण वेगळं. एक तर त्या साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपली, नाही तर मध्ये कुणीतरी बसलंय. ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रोसीड’ करायची सवय अनेकांना लागली आहे, कारण ‘सरकारी साइट आहे, असंच येतं’. ही सवय घातक. जुलै २०१४ मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र व्यवस्थेतून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गुगलने उघड केलं होतं. म्हणजे सरकारी नाव असलं तरी इशारा वायफळ नसतो. जिथे पासवर्ड, ओटीपी, आधार किंवा खाते क्रमांक भरायचा आहे, तिथे लाल पान ओलांडून पुढे जाऊ नये. रेल्वे स्टेशन, हॉटेल किंवा कॅफेच्या वायफायवर हा इशारा आला, तर मोबाइल डेटावर जावं.

कुलपाचीही एक गोष्ट. ‘पत्त्याशेजारी कुलूप असेल तर साइट खरी’ असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. २०२३ पासून क्रोमने ते कुलूप काढून तिथे दोन आडव्या कळांचं चिन्ह ठेवलंय. कुलूप गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि कुलूप असणं हे खरेपणाचं प्रमाणपत्र कधीच नव्हतं. ठगाच्या साइटलाही कुलूप मिळतं. खरी खूण पत्त्याच्या शेवटात आहे : सरकारी साइट सहसा ‘गव्ह डॉट इन’वर संपते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे जुन्या बुकमार्कवरून बँकेचा पत्ता बदललेला दिसला तर हा शेवट तपासावा.

साइट उघडते, पण पुढे सरकत नाही

हे जास्त वैतागाचं. फॉर्म भरला, बटण दाबलं, काहीच होत नाही. किंवा लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान येतं.

बटण दाबून काहीच झालं नाही, तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला बघावं. तिथे लाल फुली असलेलं छोटं चिन्ह दिसलं तर ब्राउझरने नवी खिडकी अडवली आहे. पावती, दाखला, पैसे भरण्याचं पान नव्या खिडकीत उघडणाऱ्या साइट अजून पुष्कळ आहेत. त्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटसाठी ‘ऑलवेज अलाऊ’ निवडावं. सगळ्या साइटना सरसकट परवानगी देऊ नये.

लॉगिनच्या पानावरच गोल गोल फिरत असाल, तर दोष बहुधा कुकीचा. कुकी म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. ‘हा माणूस आताच आत आला’ असं त्यात लिहिलेलं असतं. चिठ्ठी जुनी झाली की साइट गोंधळते. कॅशे म्हणजे पानावरची चित्रं आणि इतर मजकूर पुन्हा पुन्हा मागवावा लागू नये म्हणून घरीच करून ठेवलेला साठा. साइट बदलली, पण साठा जुनाच राहिला की पान अर्धवट दिसतं, कॅप्चाचं चित्र येत नाही.

आधी सौम्य उपाय : कंट्रोल धरून एफ५ दाबावं, म्हणजे पान जुना साठा बाजूला ठेवून नव्याने येतं. त्याने भागलं नाही तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटच्या कुकीज काढाव्यात. तरीही नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट. इथे मात्र सावध राहायला हवं. उघडणाऱ्या यादीत ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ आणि ‘कुकीज’ या दोन खुणा ठीक आहेत. कुकीज काढल्या की सगळ्या साइटवरून बाहेर पडाल, पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढंच. पण ‘पासवर्ड्स’ आणि ‘ऑटोफिल’ यांच्या पुढची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा बघावं. गुगल खात्याने सिंक चालू असेल तर इथे पुसलेले पासवर्ड मोबाइलवरूनही जातात. घाईघाईत ‘सगळं क्लिअर’ करून आईचा वीस वर्षांचा ईमेल हातचा घालवलेली उदाहरणं घराघरांत आहेत.

पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा म्हणत असेल, तर मराठी घरात आधी एक गोष्ट तपासावी : कीबोर्ड मराठीवर तर नाही? इनस्क्रिप्ट चालू राहिलं असेल तर पासवर्डच्या जागी देवनागरी अक्षरं पडत राहतात, आणि दिसतात मात्र फक्त ठिपके. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. कॅप्स लॉकही बघावं. नोटपॅडमध्ये एकदा टाइप करून बघणं सगळ्यात सोपं. बघून झालं की तिथलं पुसून टाकावं.

फॉर्म भरताना ब्राउझरचं भाषांतर बंद ठेवावं. मध्य प्रदेशाचं पोर्टल हिंदीत, महाराष्ट्राचं मराठीत आणि ब्राउझर वरून विचारतो, ‘ट्रान्सलेट करू का?’ हो म्हटलं की वाचायला बरं वाटतं, पण यादीतली गावांची आणि माणसांची नावंही भाषांतरात बदलू शकतात आणि काही फॉर्मची बटणं काम करेनाशी होतात.

पान अवाढव्य दिसतंय, खालचं बटण सापडत नाही? कंट्रोल आणि शून्य दाबावं, आकार मूळपदावर येतो. चुकून टॅब बंद झाला? कंट्रोल, शिफ्ट, टी. डाउनलोड केलेली फाइल कुठे गेली? कंट्रोल, जे.

पीडीएफ पासवर्ड मागते, सहीवर प्रश्नचिन्ह दिसतं

डाउनलोड केलेलं आधार पासवर्ड मागतं तेव्हा तो नवा काही नसतो : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष. डिजिटल सहीच्या कागदावर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणून कागद खोटा ठरत नाही. क्रोममधलं पीडीएफ वाचक ती सही तपासतच नाही. फाइल कॉम्प्युटरवर साठवून ॲडोबीच्या रीडरमध्ये उघडली आणि सही तिथे तपासून घेतली, तर खरं काय ते कळतं.

जुनं विंडोज, जुना ब्राउझर

‘परवापर्यंत चालत होतं’ ही तक्रार खरी असते. साइट नव्या होत जातात, ब्राउझर तिथेच थांबतो. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ आणि ८ वर चालणारी शेवटची. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० त्यावर चढत नाही. फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घ मुदतीची आवृत्ती हीच या जुन्या विंडोजसाठीची अखेरची. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. अजूनही एखादी जुनी कचेरीची साइट तोच मागत असेल, तर एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ आहे, तो वापरावा. एक्सप्लोरर कुठल्यातरी साइटवरून शोधून बसवायला जाऊ नये.

विंडोज १० चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. याचा अर्थ त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला असा नाही. ब्राउझर चालतो, साइट उघडतात. पण विंडोजमधली नवी भोकं बुजवणारे अपडेट आपोआप येणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून एक वर्षाची वाढीव मुदत ठेवलेली आहे. विंडोज ७ वर गाणी ऐकावीत, फोटो बघावेत. बँकेचं काम मात्र चालू अपडेट मिळणाऱ्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर करावं.

ब्राउझर फक्त मंद झाला असेल तर आधी उघडे टॅब मोजावेत. ४ जीबी मेमरीच्या कॉम्प्युटरवर पंचवीस टॅब उघडून वेगाची अपेक्षा करणं म्हणजे स्कूटरवर सहा जण बसवणं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कुठला टॅब किती मेमरी खातोय त्याची यादी येते. मग एक्स्टेंशन्सची यादी उघडावी आणि जे कधी बसवलं ते आठवतही नाही, ते काढावं. ‘फ्री पीडीएफ’, ‘कूपन’, ‘व्हिडिओ डाउनलोडर’ अशा नावाची एक्स्टेंशन्स पहिले पानच बदलून टाकतात आणि शोधायला गेलं एक की दाखवतात दुसरंच.

कोपऱ्यात ‘व्हायरस’ची भीती

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’ असं येतंय? तो बहुतेकदा व्हायरस नसतो, आपणच दिलेली परवानगी असते. बातमी, सिनेमा किंवा क्रिकेट बघताना कुठल्यातरी साइटने विचारलं, ‘शो नोटिफिकेशन्स?’ आणि घाईत ‘अलाऊ’ दाबलं गेलं. आता ती साइट बंद असतानाही जाहिराती पाठवते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं काढून टाकली की भूत उतरतं.

याहून धोक्याचं म्हणजे पूर्ण स्क्रीन व्यापणारं पान : कर्कश आवाज, ‘कॉम्प्युटर लॉक झाला आहे’, आणि खाली मदतीचा फोन नंबर. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून अशा पानावर फोन नंबर देत नाही. एस्केप काही सेकंद दाबून धरावं किंवा एफ११ दाबावं. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडल्यावर ‘जुनी पानं परत आणू का?’ असं विचारलं तर नाही म्हणावं. त्या नंबरवर फोन मात्र करू नये.

इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. साइट अडली की माणूस अगतिक असतो. तो त्या संस्थेचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर’ असं शोधतो आणि पहिला दिसेल तो नंबर फिरवतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो, हिंदीत, कधी मराठीतही. “काका, काळजी करू नका, मी इथून दुरुस्त करून देतो, फक्त एक ॲप घ्या.” ते ॲप स्क्रीन त्याच्या ताब्यात देतं. पुढचं काम तो करतो. मदतीचा नंबर त्या संस्थेच्या खऱ्या साइटवरून, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. शोधात वर आलेल्या जाहिरातीतून घेऊ नये. आणि साइट दुरुस्त करण्यासाठी कुणालाही ओटीपी लागत नाही.

चूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. नेट लगेच बंद करावं, बँकेला कळवावं आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. हा नंबर मध्य प्रदेशात, महाराष्ट्रात, कर्नाटकात, सगळीकडे एकच आहे. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवरही नोंदवता येते. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते रोखता येण्याची शक्यता जास्त.

दुकानात जायचंच असेल तर

सगळं करूनही अडलं, तर कॉम्प्युटर एमपी नगरच्या दुकानात न्यावा लागेल. जाताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नये. तो संदेशाचा फोटो दाखवावा. मोबाइल डेटावर साइट उघडते का, इनकॉग्निटोमध्ये उघडते का, एकच साइट अडते की सगळ्या, कधीपासून, तारीख बरोबर राहते का, ही उत्तरं कागदावर लिहून न्यावीत. कारागिराचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही. त्याने ‘फॉरमॅट’ म्हटलं तर कारण विचारावं आणि त्याआधी फोटो, कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्याशिवाय हो म्हणू नये. सेव्ह केलेले पासवर्ड ब्राउझरमध्ये तसेच ठेवून मशीन अनोळखी हातात देऊ नये. निदान बँकेचे तरी काढून घ्यावेत.

आणि शेवटच्या तारखेची वाट बघू नये. त्या दिवशी पाचने सुरू होणारा आकडा दिसणारच, आणि त्यावर ना पुण्यातल्या मुलाकडे इलाज असतो, ना दुकानदाराकडे. मुदतीच्या चार दिवस आधी रात्री साडेदहाला बसलं, तर तेच पोर्टल तेवढ्याच जुन्या कॉम्प्युटरवर निमूटपणे उघडण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.